वर्गात चौदा टक्के

जुलैमधला शनिवार होता. नववीचा वर्ग, चारही खिडक्या उघड्या, बाहेर रिमझिम. टेबलावर ठेवलेल्या ऑक्सिजन मोजण्याच्या यंत्रावर आकडा येऊन थांबला : १४.२. फळ्यावर आम्ही पाचच मिनिटांपूर्वी मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘हवेतील ऑक्सिजन सुमारे २१ टक्के’. मुलांनी फळ्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि अख्खा वर्ग हसू लागला. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मशीन का भी रोजा है!”

हसण्यासारखेच होते, आम्हीही हसलो. पण पुढचा तास आम्ही ठरवला होता तसा झाला नाही, आणि बरे झाले. त्या चौदा टक्क्यांनी आम्हाला जे शिकवले ते बी.एड.ला कोणी शिकवले नव्हते.

आधी हे यंत्र शाळेत आले कसे ते सांगतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मोहल्ल्यातील तरुणांनी वर्गणी काढून काही ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणले होते. एका घरातला रुग्ण बरा झाला की ते दुसऱ्या घरी जात. कॉन्सन्ट्रेटर चांगला असेल तर त्याच्या नळीतून नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन यायला हवा. बिघडला तरी तो घरघर करतोच, हवाही फुंकतोच, फक्त त्या हवेत ऑक्सिजन तेवढा नसतो. हाताला तर दोन्ही हवा सारख्याच लागतात. म्हणून आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो रुग्णालयांतील यंत्रे दुरुस्त करण्याचे काम करतो, हे हातात मावणारे मोजयंत्र घेतले होते. लाट ओसरल्यावर त्याने त्यात नवा सेल बसवला आणि ते शाळेला भेट दिले. आम्ही काय केले? कपाटात ठेवले. मुलांच्या हातात दिले तर मोडेल ही भीती. तपासणीला साहेब आले की काढायचे, दाखवायचे, पुन्हा कुलूप. अशी दोन वर्षे गेली. खोक्यावर साधा ओरखडाही नव्हता.

तर यंत्र १४.२ दाखवत होते आणि प्रश्न असा होता की चुकतेय कोण, यंत्र की फळा? एक मुलगा म्हणाला, “सर, चौदाच असता तर आपण असे हसत बसलो असतो का?” बरोबर वाटते, पण हा पुरावा पक्का नाही. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंच आहे. तिथे हवा इतकी विरळ असते की एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्याकडच्या चौदा-साडेचौदा टक्क्यांच्या हवेइतकाच भरतो. तिथली मुले शाळेत जातात, हसतातही. नवा पाहुणा मात्र दोन दिवस डोके धरून बसतो.

मग एक मुलगी म्हणाली, “मेणबत्ती लावून बघू या.” हा मात्र पुरावा होता. चौदा टक्क्यांच्या हवेत मेणबत्ती पेटत नाही. (लेहला पेटते, कारण तिथे हवा विरळ असली तरी तिच्यातला ऑक्सिजनचा वाटा २१ टक्केच असतो, आणि ज्योतीला मुख्यतः हा वाटा लागतो.) मेणबत्ती लावली. ती मजेत जळत राहिली. म्हणजे खोटे यंत्र बोलत होते. पाच रुपयांच्या मेणबत्तीने हजारोंच्या यंत्राला खोटे पाडले, याचा मुलांना जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने विचारले, “सर, सेल कधी बसवला होता?” आम्ही म्हटले, तूच दिला होतास, दोन वर्षे झाली. “किती वापरला?” आम्ही अभिमानाने म्हणालो, जवळजवळ नाहीच. तो हसला. “सर, न वापरताही तो मरतोच.”

वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे, कारण ज्या शाळांनी असे सेन्सर घेतले आहेत, त्यांपैकी अनेक ठिकाणी ते आमच्यासारखेच ‘जपून’ ठेवलेले असणार. आमच्या यंत्रातला सेन्सर म्हणजे औषधाच्या लहान बाटलीएवढा एक विद्युत घट आहे. आत शिशाचे एक अग्र, दुसरे सोन्याचांदीसारख्या धातूचे, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, आणि तोंडावर टेफ्लॉनचे अगदी पातळ पटल. पटलातून हवेतला ऑक्सिजन झिरपून आत जातो. तिथे त्याची शिशाशी क्रिया होते आणि थोडीशी वीज तयार होते. ऑक्सिजन जास्त तर वीज जास्त, कमी तर कमी. यंत्र ती वीज मोजते आणि टक्क्यांत आकडा दाखवते. इतके साधे आहे. पण शिसे यात खर्च होत असते. यंत्राचे बटन बंद केले तरी पटल उघडेच असते. कपाटातही हवा असतेच, आणि त्या हवेतला ऑक्सिजन आत जाऊन शिसे खात राहतो. लोणच्याची बरणी झाकण लावून ठेवली की टिकते. या बरणीला झाकणच नाही. कारखान्यातून येताना सेल हवाबंद पाकिटात असतो. पाकीट फाडले त्या दिवसापासून त्याचे आयुष्य मोजायचे, साधारण दोन वर्षे, मग तुम्ही रोज दहा प्रयोग करा की एकही करू नका.

विद्यार्थ्याने सांगितल्याप्रमाणे आम्ही मल्टिमीटर लावून पाहिले. या जातीचा नवा सेल उघड्या हवेत साधारण १० मिलिव्होल्ट देतो. आमच्या सेलला सातही जमत नव्हते. तेवढ्याच प्रमाणात एकवीसचे चौदा झाले होते. मुलांना आम्ही हे गणित फळ्यावर करायला लावले आणि ते जुळले, तेव्हा वर्गातला तो सगळ्यात चांगला क्षण होता. बिघडलेले यंत्रही हिशेबानेच बिघडलेले असते!

नवा सेल यायला तीन आठवडे लागले. पाकीट मुलांसमोर फाडले आणि सेलवर मार्करने त्या दिवसाची तारीख लिहिली. मग यंत्र ‘लावायचे’ होते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. शब्द मोठा आहे, काम घरातलेच आहे. भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. म्हणजे कोणीतरी येऊन त्या काट्यावर आधीच माहीत असलेले वजन ठेवून पाहिलेले असते. ऑक्सिजन मोजणाऱ्याला असे माहीत असलेले वजन आणायचे कुठून? अल्लाहची मेहेरबानी अशी की ते मैदानात फुकट पसरलेले आहे. जगात कुठेही उघड्यावरची कोरडी हवा घ्या, तिच्यात ऑक्सिजन २०.९ टक्केच भरतो. यंत्र उघड्यावर न्यायचे, पाचेक मिनिटे स्थिर होऊ द्यायचे, आणि आकडा २०.९ वर आणायचा. वर्गात नाही, मैदानात. चाळीस मुलांच्या श्वासाने बंद वर्गातली हवा थोडी तरी बदललेली असते.

नाशिककरांना मापाची ही गोष्ट परकी नाही. गोदावरीला पूर आला की कोणी मीटर-सेंटिमीटर विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे, कमरेला आहे की छातीला, हे विचारतात. हा मारुती आहे तिथेच उभा असतो म्हणून त्याच्यावरून पाणी मोजता येते. तो स्वतःच दरवर्षी वीतभर खचत गेला असता तर? आमच्या कपाटातल्या सेलचे हेच झाले होते.

आता थोडे बारकावे, ज्यांना हे यंत्र हाताळायचे आहे त्यांच्यासाठी. हा सेन्सर खरे तर टक्के मोजत नाही, ऑक्सिजनचा दाब मोजतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे मुंबईत लावलेले यंत्र इथे आणले तर ते कमी दाखवणार. इथे लावलेले यंत्र कोणी सहलीत कळसूबाईच्या शिखरावर, १६४६ मीटरवर, नेले तर ते साडेअठराच्या आसपास आकडा दाखवील. शिखरावरच्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा काही बदललेला नसतो. म्हणून जिथे प्रयोग करायचा तिथेच यंत्र लावून घ्यायचे. पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. हवेत वाफ भरली की ती बाकी वायूंना थोडी जागा सारायला लावते, आणि नीट असलेले यंत्रही २०.३-२०.४ दाखवते. अर्ध्या टक्क्यासाठी घाबरायचे नाही. पण पटलावर पाण्याचा थेंब बसला तर मात्र आकडा उगाचच खाली येतो, कारण ऑक्सिजनची वाटच बंद होते. तेव्हा पटल खाली तोंड करून सावलीत कोरडे होऊ द्यायचे. बोट लावायचे नाही, फडक्याने पुसायचे नाही, केस वाळवायचे मशीन तर मुळीच नाही. (आमच्या एका सहकाऱ्यांनी तेही करून पाहिले.)

प्रयोग करताना घाई करू नये. आकडा नव्वद टक्के बदलायलाच दहा-पंधरा सेकंद लागतात आणि मुले तिसऱ्या सेकंदाला ओरडतात. बाटलीचे तोंड आणि सेन्सर यांच्यामधली फट बुजवायला आम्ही मळलेली कणीक वापरतो. घरून डब्यात आणायला सांगितली की चार मुली तरी आणतातच, आणि ती रबरी बुचापेक्षा चांगली बसते.

आता मेणबत्तीचा प्रयोग. इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. थाळीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते. हा प्रयोग आम्ही जवळजवळ वीस वर्षे केला आणि दरवर्षी सांगितले, “ग्लासातला ऑक्सिजन संपला म्हणून मेणबत्ती विझली, आणि संपलेल्या ऑक्सिजनच्या जागी पाणी चढले.” उर्दू माध्यमाच्या वर्गात सांगितले, मराठी माध्यमाच्या वर्गात सांगितले. नवा सेल बसवल्यावर आम्ही मोठी बरणी घेऊन, आत सेन्सर सोडून, हा प्रयोग केला. मेणबत्ती विझली तेव्हा आकडा होता १६.१. पुन्हा केला, १६.४. ऑक्सिजन संपला नव्हता, तीन चतुर्थांशाहून अधिक शिल्लक होता. पाणी चढते त्याचे मुख्य कारण वेगळेच आहे. ज्योतीच्या उष्णतेने हवा फुगते, काही बुडबुड्यांनी बाहेर निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते. ते बुडबुडे आम्ही वीस वर्षे पाहत होतो. पाहत होतो आणि त्यांच्याबद्दल बोलत नव्हतो, कारण ते आमच्या उत्तरात बसत नव्हते.

आम्ही वर्गात म्हणालो, “मागच्या वर्षीपर्यंत आम्ही हे चूक शिकवले.” मुलांना वाटले होते त्यापेक्षा हे त्यांनी फार सहज घेतले. दहावीतल्या मुलांना मधल्या सुट्टीत बोलावून पुन्हा दाखवले. जी त्याआधी शिकून गेली त्यांच्यापर्यंत कसे पोहोचायचे ते मात्र कळत नाही. त्यांतली दोन आज स्वतः शिक्षक आहेत.

हवेतला सगळा ऑक्सिजन खरोखर काढून दाखवायचा असेल तर मेणबत्ती नको, गंज घ्या. ओला लोहकीस बाटलीच्या तळाला चिकटवा आणि सेन्सर लावून ठेवा. एक-दोन दिवसांत आकडा खाली खाली येत जातो. भांडी घासायची तारेची घासणी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, ती गंजत नाही, तिच्या नादी लागू नये. दुसरा सोपा प्रयोग मोड आलेल्या मटकीचा. एक लिटरच्या बरणीत चांगली मूठ-दोन मुठी मटकी, तोंडाला कणीक, रात्रभर. आमच्या वर्गात सकाळी आकडा दहाच्या खाली होता. “मटकी रातभर सोई नहीं,” एक मुलगी म्हणाली. असे प्रयोग झाले की सेन्सर लगेच काढून उघड्या हवेत ठेवावा. श्वासातून, मेणबत्तीतून आणि मटकीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आतल्या अल्कली द्रावणाला हळूहळू खराब करतो.

श्वासाचा प्रयोगही केला. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुंकर भरून मोजली तर सोळा-सतराच्या आसपास आकडा येतो. म्हणजे आपण आत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी पाचवा हिस्साही नीट वापरत नाही. मुलांना हे खरे वाटेना. मग एका मुलीने हात वर केला. एरवी ती फार बोलत नाही.

तिने विचारले, “सर, त्या दिवशी झाकीर हुसेनमध्ये बाहेर इतका ऑक्सिजन सांडला होता. पांढरा ढग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. आणि हवेत तर २०.९ असतोच. मग आत माझ्या नानांना कमी कसा पडला?”

वर्ग एकदम शांत झाला. जुन्या नाशकातल्या मुलांना ‘त्या दिवशी’ म्हणजे कोणता दिवस हे सांगावे लागत नाही. २१ एप्रिल २०२१. रमजान सुरू होऊन आठवडा झाला होता. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकीत ऑक्सिजन भरताना गळती झाली, वॉर्डांतील पुरवठ्याचा दाब उतरला, आणि त्या दिवशी किमान २२ रुग्ण दगावले. ही मुलगी तेव्हा अकरा वर्षांची असेल.

आम्ही तिला म्हणालो, “बेटा, याचे उत्तर सोमवारी देतो.” उत्तर येत नव्हते असे नाही. पण ते मांडायचे कसे ते ठरवायला दोन दिवस हवे होते. रविवारी आम्ही मुद्दे कागदावर लिहून काढले. सोमवारी सांगितले ते असे.

तो पांढरा ढग ऑक्सिजन नव्हता. ऑक्सिजन दिसत नाही. टाकीत तो द्रवरूपात असतो, उणे १८३ अंश सेल्सिअस इतका थंड. तो बाहेर पडला की आजूबाजूच्या हवेतली वाफ गोठून तिचे धुके होते. आपण टीव्हीवर पाहिले ते आपल्याच हवेतले पाणी होते. एक लिटर द्रव ऑक्सिजनचे सुमारे ८६० लिटर वायू होतात. ते मोकळ्यावर वाऱ्याने पसरतात आणि थोड्या वेळात पुन्हा २०.९. ढगाजवळ ऑक्सिजन जास्त होता हे खरे, पण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. उलट तिथे एखादी ठिणगी पडली असती तर कपडेसुद्धा भडकले असते.

आणि आत? आत वॉर्डातही २०.९ होताच. आपल्याला तो पुरतो, कारण आपली फुप्फुसे चांगली आहेत. कोविडच्या न्यूमोनियात फुप्फुसातील असंख्य वायुकोश सुजून द्रवाने भरतात. हवा आत जाते, पण रक्तापर्यंत पोहोचत नाही. जेवढे वायुकोश उरले आहेत त्यांतूनच सगळे काम भागवायचे, म्हणून त्यांना हवा अशी द्यावी लागते की जिच्यात ऑक्सिजन साठ, ऐंशी, कधी जवळजवळ शंभर टक्के असेल, तोही मिनिटाला कित्येक लिटरच्या जोराने. भिंतीतल्या नळीचा दाब उतरला की तो जोर जातो आणि रुग्ण एकदम २०.९ वर येतो. आमच्या नाशकात गोदावरी दारापर्यंत येते तेव्हा कित्येकदा नळाला पाणी नसते. पाणी सगळीकडे असते, पिण्याजोगे हंडाभरही मिळत नाही. तसे.

तिने विचारले, “म्हणजे तो ढग ऑक्सिजन नव्हताच?” आम्ही म्हटले, “नाही, बेटा.” ती खाली बसली. घरी तिची अम्मी आजही म्हणते की बाहेर ऑक्सिजन वाया जात होता आणि आत अब्बा तडफडत होते, असे तिने नंतर स्टाफरूमपाशी येऊन सांगितले. ती अम्मीला हे समजावणार होती. समजावून काय बदलते, असे कोणी विचारील. आम्हाला ते ठाऊक नाही. पण तीन वर्षे त्या घरात हा प्रश्न होता आणि मुलीने तो विचारण्याची जागा विज्ञानाचा वर्ग निवडली, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. यंत्र कपाटातच राहिले असते तर तिने तो विचारला असता का?

त्याच तासाला आम्ही इब्न अन्-नफीस यांच्याविषयीही सांगितले. दमास्कसकडचे हे हकीम कैरोत राहत, १२८८ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला मधल्या पडद्यातील छिद्रांतून जाते असे शेकडो वर्षे मानले जात होते. त्यांनी लिहिले की तसे नाही. तिथे छिद्रे नाहीत, रक्त आधी फुप्फुसात जाते, तिथे हवेशी मिळते आणि मग डावीकडे येते. जालीनूस आणि इब्न सीना यांच्यासारख्यांचे म्हणणे खोडायला त्या काळी किती हिंमत लागली असेल! आम्हाला तर मेणबत्तीबद्दलची स्वतःची चूक मान्य करायला वीस वर्षे लागली.

मालेगावच्या एका भगिनीने पत्रातून विचारले आहे की घरातला ऑक्सिमीटर हेच काम करतो का. नाही. तो हवेतला ऑक्सिजन मोजत नाही, बोटातल्या रक्तातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडून रक्तात ऑक्सिजन किती भरला आहे याचा अंदाज काढतो. ही युक्ती जपानचे ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकात सुचली. १८ एप्रिल २०२० रोजी ते वारले, म्हणजे जगभर घराघरांत त्यांची कल्पना खरेदी केली जात होती त्याच दिवसांत. नखावर पॉलिश असेल, गडद काळी मेंदी असेल, बोट गार पडले असेल, तर आकडा चुकू शकतो. ईदनंतरच्या दिवसांत घरातल्या बायकांचा आकडा कमी दिसला तर आधी मेंदी न लावलेले बोट पाहावे, पायाचे असले तरी चालेल. सावळ्या त्वचेवर तो कधीकधी असावा त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हेही दुसऱ्या लाटेच्या थोडेच आधी अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले. आणि तपासायची रीत तीच. घरातल्या ठणठणीत माणसाच्या बोटाला लावून पाहा, तिथेही नव्वद दाखवत असेल तर दोष यंत्राचा. मात्र माणसाला धाप लागली असेल तर आकडा कितीही चांगला असो, डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक सांगणे गरजेचे आहे, कारण आमच्या एका विद्यार्थ्याने घरी जाऊन अब्बूंना सांगितले की आता बाथरूममधला गॅस गीझर सुरक्षित आहे की नाही ते शाळेतल्या यंत्राने कळेल. नाही कळणार. बंद बाथरूममधला गीझर किंवा थंडीत खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी मारते ती कार्बन मोनॉक्साइडने. तो हवेत अगदी थोडा, एक टक्क्याचाही लहान अंश असला तरी जीव जातो, आणि तेव्हा आमचे यंत्र वीसच्या आसपासचा आकडा दाखवत शांत बसलेले असेल. तेच जुन्या विहिरीचे. पूर्वीचे लोक विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे शहाणपणाचे होते. पण ज्योत सोळाच्या आसपास विझते आणि कामगारांसाठी मानलेली ऑक्सिजनची खालची मर्यादा १९.५ आहे. मधल्या पट्ट्यात कंदील जळत राहतो. गटारात, सेप्टिक टाकीत विषारी वायू असतील तर ऑक्सिजन पुरेसा असूनही माणूस खाली कोसळतो. म्हणून तिथे माणसाने उतरूच नये.

जुना सेल मुलांना फोडून पाहायचा होता. आम्ही नाही म्हटले. आत शिसे आहे आणि ते द्रावण कातडी भाजते. घंटागाडीत टाकायचाही नाही, तो इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. तोवर तो पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद आहे.

यंत्राला आता कुलूप नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मधल्या सुट्टीत दोन मुले ते मैदानात नेतात, पाच मिनिटे थांबतात आणि वहीत तीन गोष्टी लिहितात : तारीख, आकडा, हवा कशी होती. ऑगस्टची नोंद त्याच मुलीच्या अक्षरात आहे. ‘२०.४, पाऊस. यंत्र ठीक.’ सप्टेंबरची एका मुलाने लिहिली, ‘२०.७, ऊन’, आणि खाली कोणीतरी पेन्सिलने जोडले आहे, ‘मेणबत्तीपण जळली’.